नाक दाबायचे खरे, पण कोणाच्या हातांनी?

नांदुऱ्याहून मलकापूरकडे निघाले की महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव लागते. पूर्वी या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता त्याचा क्रमांक ५३ झाला आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीनची शेते आणि मधूनमधून चहाच्या टपऱ्या, ढाबे, टायर-पंक्चरची दुकाने, असे हे आपल्या विदर्भातील चारचौघांसारखे गाव. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशा गावांतील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर एक पाटी हमखास दिसे: ‘मेमरी कार्ड भरून मिळेल.’ दहा-वीस रुपये टाकले की दुकानदार संगणकातून पाच-सहा चित्रपट आणि शे-दोनशे गाणी कार्डात उतरवून देई. आपण चोरीचा माल घेत आहोत, असे ना घेणाऱ्याला वाटे, ना देणाऱ्याला. चित्रपट पाहायचा तर मलकापूर नाही तर खामगाव गाठायचे, तिकीट काढायचे, एसटीचे भाडे निराळे. त्यापेक्षा हे सोयीचे! २०१६ च्या एप्रिलअखेरीस ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत हातोहात फिरू लागली. त्या चित्रपटाने तरीही शंभर कोटींहून अधिक उत्पन्न मिळवले, हे त्याचे भाग्य. ज्यांच्या नशिबी असे भाग्य नव्हते, त्या मराठी निर्मात्यांची नावे आज कोणाला आठवतात?

ती पाटी आता इतिहासजमा झाली आहे. चोरी मात्र थांबलेली नाही. तिने आपली जागा बदलली आहे. आता चित्रपट, क्रिकेटचे सामने, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, पुस्तकांच्या पीडीएफ हे सारे थेट हातातील मोबाइलवर येते. पूर्वीचा दुकानदार निदान आपल्या गावचा होता. त्याला नाव होते, गाव होते, पोलीस पाटलाला त्याचे घर ठाऊक होते. आजच्या चोराचे संकेतस्थळ एका देशात, त्याचा संगणक दुसऱ्या देशात आणि तो स्वतः तिसऱ्याच देशात असतो. न्यायालयाने एक संकेतस्थळ बंद केले की अक्षर-दोन अक्षरे बदलून तेच दुसऱ्या नावाने सुरू होते. महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्याविरुद्धच्या १९८१ च्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट्स’ना समाविष्ट केले, त्यांना स्थानबद्ध करण्याची तरतूद केली. पण स्थानबद्ध करायला माणूस सापडावा तर लागतो!

म्हणून जगभरात गेल्या वीस वर्षांत एक निराळा मार्ग पुढे आला. चोर सापडत नसेल तर त्याच्याकडे जाणारा पैसा अडवा. चोरटी संकेतस्थळे धर्मार्थ चालत नाहीत. त्यांना जाहिरातींतून किंवा वर्गणीतून पैसा मिळतो आणि तो कोठल्या तरी बँकेतून, कार्डातून अथवा मोबाइलच्या पेमेंट ॲपमधूनच जातो. तेवढी वाट बंद केली की धंदा आपोआप बसतो. नाक दाबले की तोंड उघडते, या आपल्या म्हणीचाच हा आधुनिक प्रयोग म्हणायचा.

या मार्गात तथ्य नाही, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. २०२३ च्या आयपीएल सामन्यांचे डिजिटल प्रक्षेपणाचे हक्क वायाकॉम-१८ या कंपनीकडे होते. ‘फेअरप्ले’ नावाच्या सट्टेबाजीच्या ॲपवर तेच सामने बिनदिक्कत दाखवले गेले. कंपनीने तक्रार केली, शंभर कोटींहून अधिक नुकसान झाल्याचे सांगितले. महाराष्ट्र सायबर विभागाने गुन्हा नोंदवला आणि पुढे सक्तवसुली संचालनालयही तपासात उतरले. येथे सामना ‘फुकट’ दाखवण्यामागे दानत नव्हती. प्रेक्षकाला सट्ट्याच्या टेबलापर्यंत ओढून आणण्याचे ते आमिष होते. आणि सट्ट्याचा पैसा गोळा होत होता तो, तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार, बनावट संस्थांच्या बँक खात्यांचे जाळे विणून. फुकटच्या चित्रपटाशेजारी सट्ट्याची जाहिरात का झळकते, याचे उत्तर या एका प्रकरणात मिळते.

अशा खात्यांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्यांचा संबंध थेट आपल्या गावांशी येतो. बनावट व्यवहारांसाठी लागणारी खाती आकाशातून पडत नाहीत. कोणी तरी ‘ओळखीचा’ येतो, बेरोजगार तरुणाला सांगतो की तुझ्या नावे एक खाते उघड, एटीएम कार्ड आणि सिम माझ्याकडे दे, महिन्याला काही हजार मिळतील. तरुणाला वाटते, आपल्या खिशातून काय जाते? जाते ते त्याचे नाव. पुढे कधी तरी परप्रांतातील पोलीस दारात उभे राहतात तेव्हा ‘ओळखीचा’ बेपत्ता असतो आणि कागदोपत्री सूत्रधार हाच तरुण ठरतो. शाखांवर, ग्रंथालयांत, गणेशोत्सव मंडळांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा एक विषय जरी गावागावांत पोहोचवला तरी पुष्कळ घरे वाचतील.

तेव्हा पैशाची वाट अडवावी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ती कोणी अडवावी, कोणाच्या सांगण्यावरून आणि अडवण्यापूर्वी समोरच्याचे ऐकून घ्यावे की नाही, याबद्दल.

या उपायाचा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे. रशियात ‘ऑल ऑफ एमपी-थ्री’ नावाचे संकेतस्थळ होते. ते अत्यंत स्वस्तात गाणी विकत असे आणि रशियाच्या कायद्यानुसार आपल्याकडे परवाना असल्याचा त्याचा दावा होता. अमेरिकेतील संगीत कंपन्यांना तो मान्य नव्हता. २००६ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी त्याचे व्यवहार घेणे थांबवले. त्याच वर्षी अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेतील रशियाच्या प्रवेशाशी हा विषय जोडला. २००७ मध्ये ते संकेतस्थळ बंद पडले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्या कंपनीच्या माजी प्रमुखाला निर्दोष ठरवले! ते संकेतस्थळ सज्जनांचे होते, असे सुचवण्याचा हेतू नाही. परंतु क्रम पाहा. शिक्षा आधी झाली, निकाल नंतर लागला, आणि दोहोंचा परस्परांशी काही संबंध उरला नाही.

पुढे २०११ मध्ये अमेरिकन सरकारच्या पुढाकाराने व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल आदी कंपन्यांनी हक्कधारकांच्या तक्रारीवरून व्यवहार थांबवण्याची कार्यपद्धती स्वेच्छेने स्वीकारली. त्याच वर्षी तेथील प्रतिनिधिगृहात ‘सोपा’ नावाचे विधेयक आले. त्याच्या मूळ मसुद्यात हक्कधारकाची नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत पेमेंट कंपनीने त्या संकेतस्थळाचा पैसा बंद करावा, अशी तरतूद होती. न्यायालयाचा आदेश नंतरची गोष्ट! जनमत खवळले. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने निषेधार्थ आपली पाने दिवसभर काळी केली आणि ते विधेयक बासनात गुंडाळले गेले. कायदा फसला, पण खासगी कार्यपद्धती तशीच राहिली. जे संसदेत होऊ शकले नाही ते कंपनीच्या दालनात होऊन गेले होते.

हत्यार एकदा हाताशी आले की ते केवळ चोरावरच चालते, असे थोडेच आहे? २०१० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेची गोपनीय कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या याच कंपन्यांनी रोखल्या. विकिलीक्सविषयी आपले मत काहीही असो; आमचेही फारसे अनुकूल नाही. पण कोठल्याही न्यायालयाने तसा आदेश दिलेला नव्हता. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या एप्रिलमध्ये व्हिसाच्या तेथील भागीदार कंपनीला व्यवहार पुन्हा सुरू करण्यास बजावले, न केल्यास रोज आठ लाख क्रोना दंड. इवल्याशा आइसलँडला जे सुचले ते बड्या लोकशाह्यांना सुचले नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील आपले कामकाज थांबवले. देशांतर्गत व्यवहार चालू राहिले, कारण रशियाने आधीच स्वतःची ‘मीर’ ही यंत्रणा उभी केली होती. परदेशात असलेल्या सामान्य रशियन माणसाच्या हातातले कार्ड मात्र कवडीमोल झाले.

आणि आपण? जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीची संगणकीय सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवली. भारतीय भूमीवरचा कारखाना, भारतीय कायद्याने चालणारा, पैसे भरून घेतलेली सेवा; तरी ती एका परदेशी कंपनीच्या निर्णयाने बंद झाली. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा पूर्ववत झाली. ते प्रकरण पैशाच्या देवघेवीचे नव्हते, पण धडा तोच आहे.

या पार्श्वभूमीवर आपण काही बाबतींत दूरदृष्टी दाखवली, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय भुगतान निगमाने २०१२ मध्ये रूपे कार्ड आणले. ८ मे २०१४ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. २०१६ मध्ये यूपीआय आले. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील मासिक व्यवहारांनी दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. तो न पाळल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली आणि पूर्तता झाल्यावर जून २०२२ मध्ये ती उठवली. बलाढ्य परदेशी कंपनीला आपल्या अंगणात आपला नियम पाळायला लावता येतो, हे त्यातून दिसले. पण आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. यूपीआयचा रस्ता आपला असला तरी त्यावर धावणाऱ्या गाड्या बव्हंशी परक्यांच्या आहेत. वॉलमार्टच्या मालकीचे फोनपे आणि गुगलचे गुगल पे या दोन ॲपमधून चार-पंचमांशाहून अधिक व्यवहार होत आले आहेत. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून अधिक वाटा नसावा, असा नियम निगमाने २०२० मध्ये ठरवला. त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत नेली गेली. उद्या एखाद्या अमेरिकन चित्रपट कंपनीच्या तक्रारीवरून आपल्याकडच्या दुकानदाराचा क्यूआर कोड निकामी ठरवायचा झाला तर तो निर्णय कोठे होईल, हा प्रश्न म्हणूनच काल्पनिक नाही.

आपल्या न्यायालयांनी या बाबतीत दाखवलेला विवेक मोलाचा आहे. २०१६ च्या जुलैत ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निर्मात्यांनी शेकडो दुवे बंद करण्याची मागणी केली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला. प्रत्येक दुवा तपासून, प्रतिज्ञापत्रावर सांगा, असे बजावले. ज्याचे निष्कारण नुकसान होईल त्याला दाद मागण्याची सोय ठेवली. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नाव बदलून पुन्हा उगवणाऱ्या संकेतस्थळांसाठी ‘गतिमान मनाई हुकमा’ची वाट खुली केली, पण तेथेही एखादे संकेतस्थळ मुळातच चोरीसाठी चालवलेले आहे की नाही, हे तपासण्याच्या कसोट्या घालून दिल्या. २०२३ मध्ये चलचित्र कायदा बदलून चित्रपटाच्या चोरीला किमान तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि तीन लाखांपासून लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला गेला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा जो कायदा केला, त्यात बँकांनी व पेमेंट संस्थांनी असे व्यवहार करू नयेत, अशी स्पष्ट तरतूद आहे. पैशाची वाट अडवण्याचे तत्त्व अशा रीतीने आपल्या कायद्यात आले आहे. ते संसदेत मांडले गेले, मतदानाने संमत झाले, त्याला न्यायालयात आव्हान देता येते. हाच योग्य मार्ग होय.

आता दुसरी बाजू. वडनेर भोलजीच्या महामार्गावर टायर-पंक्चरचे दुकान चालवणारे एक परिचित गृहस्थ आहेत. एका रात्री बाहेरच्या राज्याची मोटार थांबली, जुना टायर बदलला, चौदाशे रुपये मोबाइलवरून दिले आणि मोटार निघून गेली. पंधरवड्याने मुलीच्या महाविद्यालयाची फी भरायला गेले तर खाते गोठवलेले! बँकेत विचारले तर ‘वरून आदेश आहे’. वरून म्हणजे कोठून, तर दूरच्या एका राज्यातील सायबर पोलीस ठाण्याकडून. त्या मोटारवाल्याच्या खात्यात कोणाच्या तरी फसवणुकीचे पैसे आले होते आणि त्यातले चौदाशे इकडे वळले होते. संशय चौदाशेंचा, अडकले ते सगळे खाते. फोन उचलला जात नव्हता, पत्राला उत्तर नव्हते, प्रत्यक्ष जायचे तर दोन दिवसांचा रेल्वेप्रवास. फी शेवटी शेजाऱ्याकडून उसनी घेऊन भरली.

हा अपवाद असता तर येथे सांगितला नसता. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका विक्रेत्याचे खाते अवघ्या १०५ रुपयांपायी गोठवले गेले होते. त्याला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच अशा प्रकरणांत संशयित रकमेपुरतीच अडवणूक असावी, असे सांगितले आहे. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करून फसवणुकीचा पैसा वाटेतच रोखण्याची सोय सरकारने केली, ती अत्यंत उपयुक्त आहे आणि अनेक वृद्धांची आयुष्यभराची पुंजी तिने वाचवली आहे. पण सुक्याबरोबर ओलेही जळू लागले तर यंत्रणेवरचा विश्वासच उडतो. पोलिसांसारखी, कायद्याला उत्तरदायी असलेली यंत्रणा वापरूनही असे घडत असेल, तर ज्या कंपनीला कोणालाच उत्तर द्यायचे नाही तिच्या हाती हे हत्यार दिल्यावर काय होईल?

येथे चित्रपट उद्योगाचे आकडे पुढे केले जातात. ईवाय आणि आयएएमएआय यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारतातील या चोरट्या अर्थव्यवस्थेचा आकार २२,४०० कोटी रुपये होता आणि प्रेक्षकांपैकी ५१ टक्के लोक कोठून ना कोठून चोरटी सामग्री पाहतात. आकडा डोळे विस्फारणारा आहे. मात्र फुकट पाहणारा प्रत्येक जण पैसे देऊन पाहिलाच असता, असे गृहीत धरणे व्यवहाराला सोडून आहे. ज्याने दहा रुपयांत कार्ड भरून घेतले तो दोनशेच्या तिकिटाला खामगावला गेलाच असता काय? नुकसान मोठे आहेच. ते फुगवून सांगण्याची गरज नाही.

आणि खरे नुकसान कोणाचे, हेही पाहावे. मुंबईच्या बड्या चित्रसंस्थेकडे वकिलांची फौज असते; प्रदर्शनाच्या आधीच ती न्यायालयातून मनाई हुकूम आणते. घर गहाण ठेवून मराठी चित्रपट काढणाऱ्याला ते परवडत नाही. मराठी प्रकाशकाची अवस्था त्याहून बिकट. हजार प्रतींची आवृत्ती, ती संपायला तीन-चार वर्षे, आणि पुस्तक बाजारात येऊन महिना होत नाही तोच त्याची पीडीएफ टेलिग्रामच्या वाहिनीवर. काही वाहिन्या तर नाममात्र वर्गणी घेऊन शेकडो पुस्तके विकतात आणि ती वर्गणी यूपीआयवरूनच घेतात, म्हणजे चोर आपला मोबाइल क्रमांक स्वतःच लिहून देतो! दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये शिकवणीच्या पुस्तकांच्या एका प्रकरणात अशा वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती उघड करण्यास टेलिग्रामला भाग पाडले. म्हणजे मार्ग आहे. तो लहान प्रकाशकाला परवडेल असा करणे, हे काम उरले आहे.

महाराष्ट्रात २०१७ पासून बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी सायबर विभागात स्वतंत्र कक्ष आहे. मराठी निर्माता किंवा प्रकाशक जेथे थोड्या शुल्कात, मराठीतून, पुराव्यासह तक्रार देऊ शकेल अशी खिडकी तेथे का असू नये? तक्रार खरी वाटली तर कक्षाने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आदेश घ्यावा, तो रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली राष्ट्रीय भुगतान निगमाकडे जावा आणि केवळ त्या व्यवहारापुरती, त्या रकमेपुरती वाट बंद व्हावी. ज्याची वाट बंद झाली त्याला कारण लेखी कळावे, आठवड्याभरात त्याचे म्हणणे त्याच्याच जिल्ह्यात ऐकले जावे आणि तक्रार खोटी निघाल्यास भरपाई तक्रारदाराने द्यावी. परदेशी कंपनीलाही भारतात कोणाचा पैसा अडवायचा असेल तर याच दारातून यावे लागेल, असे रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे. यातले काहीही अशक्य कोटीतील नाही. पाच दिवसांत पैसा बंद करण्याचे तंत्र ज्यांना जमते, त्यांना आठ दिवसांत सुनावणी घेणे का जमू नये?

एक गोष्ट आपल्या घरातली, म्हणून जरा संकोचाने. दिवाळी अंक बाजारात येतात न येतात तोच त्यांची छायाचित्रे काढून केलेली पीडीएफ कौटुंबिक गटांवर फिरू लागते आणि ती पाठवणारे सहसा सुशिक्षित, सुस्थितीतील, मराठी भाषेविषयी कळकळीने बोलणारे आपणच असतो. खाली ‘मराठी वाचवा, पुढे पाठवा’ असा संदेशही असतो. तीनशे रुपयांचा अंक विकत न घेता मराठी कशी वाचणार, हे त्या संदेशकर्त्यालाच ठाऊक. येथे पैशाची वाट अडवायला पैसाच नसतो. कोणाचे नाक दाबायचे?

टायरवाल्या गृहस्थांचे खाते पाच महिन्यांनी मोकळे झाले. खुलासा आला नाही, दिलगिरीचा तर प्रश्नच नव्हता. दुकानाच्या खांबावरचा क्यूआर कोड त्यांनी काढून टाकला असून तेथे खडूने लिहिले आहे: ‘फक्त रोख.’ गावातील ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी तो कोड गल्ल्यात ठेवला आहे. मागितला तर काढून देतात.